लेखकास वाचक कोठें भेटतो ?

लेखन हा एकट्यानें करावयाचा उद्योग आहे. परंतु तो एकट्यासाठीं करावयाचा नाहीं. पत्र लिहिणारा मनुष्य पाकिटावर पत्ता घालतो, आणि ज्यास तें पोंचावयाचें त्याचें मुख मनापुढें आणूनच लेखणी उचलतो. ग्रंथकाराची गोष्ट निराळी. त्याच्या पाकिटावर पत्ता नसतो. आपला ग्रंथ कोणाच्या हातीं पडेल, तो मनुष्य कोणत्या गांवचा व कोणत्या वयाचा असेल, किंबहुना तो अद्यापि जन्मला तरी असेल कीं नाहीं, यांतलें कांहींच त्यास ठाऊक नसतें. मग या बिनपत्त्याच्या पत्राचा धनी लेखकास भेटावा कसा ? हा विचार मोठमोठ्या ग्रंथकारांनींच करावा, आपणांस त्याच्याशीं काय कर्तव्य आहे, असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु या वार्षिकांत ज्यांनीं पानभर मजकूर लिहिला आहे तेहि लेखकच होत, आणि ज्यांच्या घरीं हा अंक जाणार तीं माणसें त्यांचे वाचक होत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरें देण्यांत येतात. पहिलें असें कीं, लेखन उत्तम असेल तर वाचक आपोआप येतील. फूल उमललें म्हणजे भुंग्यास बोलावणें धाडावें लागत नाहीं. दुसरें असें कीं, हें युग जाहिरातीचें आहे. ज्याची दवंडी मोठी त्याचाच माल खपावयाचा. तेव्हां लोकांस काय रुचतें तें पाहून लिहावें व गळा काढून सांगावें. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. पहिल्यांत आळस आहे, दुसऱ्यांत लाचारी आहे. वाचक आपोआप येत नाहीं आणि दवंडीनें आलेला टिकत नाहीं. लेखन त्याच्यापर्यंत कोणी तरी नेऊन पोंचवावें लागतें. त्या वाटेचा पहिला टप्पा लेखकानें स्वतः चालावयाचा असतो, आणि पुढचे टप्पे वाचकांनीं चालावयाचे असतात. हें आमचें म्हणणें कांहीं उदाहरणांनीं स्पष्ट करूं.

पहिल्या उदाहरणासाठीं आमगांवच्या लोकांनीं दूर जावयास नको. आपल्या तालुक्यांतील पदमपूर हेंच महाकवि भवभूतीचें जन्मस्थान पद्मपुर होय, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. आपल्या गांवच्या महाविद्यालयासहि त्या कवीचेंच नांव आहे. भवभूति इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला. आपलें घराणें विदर्भांतील पद्मपुरचें, असें त्यानें स्वतःच सांगून ठेविलें आहे. महावीरचरित, मालतीमाधव व उत्तररामचरित हीं त्याचीं तीन नाटकें आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं मालतीमाधवाच्या प्रारंभीं त्यानें आपल्या निंदकांस उद्देशून काढलेले उद्गार संस्कृत जाणणाऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. त्यांचा आशय असा कीं, जे आपली अवहेलना करितात त्यांच्यासाठीं हा प्रयत्न नाहीं. आपल्यासारख्या अंतःकरणाचा कोणी तरी आज कोठें असेल किंवा पुढें केव्हां तरी जन्मास येईल, कारण काळास अंत नाहीं व पृथ्वी फार मोठी आहे. अशा समशील मनुष्यास त्यानें ‘समानधर्मा’ हा शब्द योजिला आहे. लेखकाच्या मनांतील वाचकास याहून सुंदर नांव कोणी दिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हे उद्गार वाचून पुष्कळांचा असा ग्रह होतो कीं, भवभूतीनें आपल्या काळच्या लोकांकडे पाठ फिरविली व तो भविष्यकाळाची वाट पाहत स्वस्थ बसला. वस्तुस्थिति तशी नाहीं. हे शब्द त्यानें नाटकाच्या प्रस्तावनेंत घातले आहेत, आणि तें नाटक कालप्रियनाथाच्या यात्रेस जमलेल्या लोकांपुढें करण्यासाठीं लिहिलेलें होतें. म्हणजे दूरच्या वाचकाची आशा बाळगणारा हा कवि जवळच्या प्रेक्षकांपुढेंहि उभा राहिला. जत्रेंतल्या गर्दीस त्यानें तुच्छ मानिलें नाहीं. मात्र तिच्या टाळीवरच आपलें मोल ठरूं दिलें नाहीं.

बरें, त्याची आशा सफळ झाली ती कशी ? नुसता काळ लोटल्यानें नव्हे. काळ ग्रंथांचें रक्षण करीत नाहीं. वाळवीस व ओलीस तोच साहाय्य करितो. भवभूति टिकला, कारण पिढ्यानपिढ्या अनेक अज्ञात लेखक त्याच्या पोथ्या उतरून घेत राहिले. काश्मीरच्या कल्हणानें बाराव्या शतकांत राजतरंगिणी लिहितांना कनोजच्या यशोवर्मा राजाच्या पदरच्या कवींत त्याचें नांव नमूद केलें. जगद्धर पंडितानें मालतीमाधवावर टीका लिहिली. होरेस हेमन विल्सन यांनीं १८२६-२७ च्या सुमारास भारतीय नाटकांचीं जीं इंग्रजी भाषांतरें प्रसिद्ध केलीं त्यांत भवभूतीचीं दोन नाटकें होतीं. मराठींत परशुरामपंततात्या गोडबोले यांनीं उत्तररामचरित आणिलें व कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं मालतीमाधव आणिलें. १८७६ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं मालतीमाधव हें जगद्धराच्या टीकेसह संपादून छापविलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं पांच संस्कृत कवींवर जे निबंध लिहिले त्यांत भवभूतीवरहि एक आहे. आणि ते निबंध प्रथम आले ते ‘शालापत्रक’ या शिक्षणविषयक मासिकांत, हें आमच्यासारख्या शाळेच्या अंकांत मुद्दाम सांगण्याजोगें आहे. हजार वर्षांहून लांब अशी ही हातांची सांखळी आहे. भवभूतीस एकच समानधर्मा भेटला नाहीं. एकानें दुसऱ्याच्या हातीं ग्रंथ दिला, दुसऱ्यानें तिसऱ्याच्या, आणि अशा रीतीनें तो आपल्यापर्यंत आला.

परंतु सर्वांनाच हजार वर्षें थांबणें परवडत नाहीं. ज्याच्या मनांत आजच्या माणसांचें दुःख आहे त्यास आजचाच वाचक पाहिजे. आणि तीं माणसें निरक्षर असतील तर ? हा पेंच महात्मा जोतीराव फुले यांच्यापुढें होता. पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ग्रंथ शेतकऱ्यांविषयीं, शेतकऱ्यांसाठीं. पण शेतकऱ्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. तेव्हां जोतीरावांनीं त्यांतील भाग पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांस जमवून वाचून दाखविले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनींहि ते ऐकले. एकच ग्रंथ हडपसरच्या शेतकऱ्यानें ऐकावा व राजानेंहि ऐकावा, हें केवळ लिहून ठेविल्यानें घडलें नसतें. ज्याचे वाचक वाचूं शकत नाहींत त्यानेंहि निराश होण्याचें कारण नाहीं; त्यानें त्यांच्याकडे जावें व त्यांच्या कानांशीं बोलावें, हा धडा येथें मिळतो.

हरि नारायण आपटे यांचा मार्ग निराळा. त्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः दिली. या नांवांतच लेखकानें वाचकास विचारलेला प्रश्न आहे, हें चतुर विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल. आठवड्याच्या आठवड्यास थोडा थोडा मजकूर घेऊन दारीं येणारा लेखक हळूहळू घरच्या माणसासारखा होतो. वाचक त्याची वाट पाहूं लागतो. कथा सांगणारी यमू आपल्या तोंडानें, घरांतल्या बायकांच्या साध्या बोलण्यांत, आपली हकीकत सांगते. म्हणून वाचणाऱ्यास तें दुसऱ्याचें न वाटतां आपलेंच वाटतें. वाचक जोडण्याची येथें दोन साधनें दिसतात : एक नियमितपणा व दुसरें ओळखीची वाणी.

ही ओळखीची वाणी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत तर पानोपानीं आहे. आपल्याच लोहमार्गावर पुढें असलेल्या राजनांदगांवीं टिळक कुटुंबाचें कांहीं काळ वास्तव्य होतें, त्यामुळें त्या आम्हां पूर्वेकडील लोकांस अधिकच जवळच्या वाटतात. लक्ष्मीबाईंस शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरें त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांच्या आठवणी ‘संजीवनी’ या नियतकालिकांतून येऊं लागल्या व १९३४ पासून चार भागांत ग्रंथरूपानें निघाल्या. पंडिती शब्दांचा आधार त्यांनीं घेतला नाहीं. स्वयंपाकघरांत बसून सांगावें तसें सांगितलें. तोच ग्रंथ आज मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो, आणि १९५० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर होऊन तो परदेशांतहि गेला. जो शेजारणीस समजेल असें लिहितो त्याचें लेखन समुद्रापलीकडच्या वाचकासहि समजतें. जो प्रथमपासून समुद्रापलीकडे पाहून लिहितो त्यास बहुधा शेजारीणहि अंतरते आणि तो वाचकहि.

आतां आपल्या झाडीमंडळाकडे वळूं. लेखक व लोक यांच्या भेटीचीं ठिकाणें आपल्या या धानाच्या व तलावांच्या प्रदेशांत पूर्वीपासून आहेत. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व दंडारी होतात. सुगी आटोपली म्हणजे शंकरपटाच्या निमित्तानें जमलेल्या लोकांपुढें रात्ररात्र नाटकें चालतात. वडशाच्या नाटक मंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चारहि जिल्ह्यांत जातात. या रंगभूमीवर जन्म वेंचलेले डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. या नाटकांत उणीवा नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु तिकीट काढून थंडींत पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक ज्या लेखकास मिळतो तो वाचकाविना पोरका आहे असें कोणी म्हणूं नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनीं याच विदर्भांत खंजिरी हातीं घेऊन गांवोगांव भजनें केलीं, आणि मग १९५५ सालीं ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथास वाचक शोधावे लागले नाहींत, कारण महाराज त्या वाचकांच्या अंगणांत आधींच जाऊन आले होते.

येथें आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांची एक संवय नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. परीक्षेच्या निबंधांत ज्यानें समुद्र कधीं पाहिला नाहीं तो समुद्रकांठच्या सूर्यास्तावर पानभर लिहितो; आणि ज्यानें भर पावसांत आईबरोबर चिखलांत उभें राहून पऱ्हे लाविले, तो रोवणीवर एक ओळहि लिहीत नाहीं. बांधी, बोडी, धुरा हे शब्द त्याच्या तोंडीं दिवसभर असतात; कागदावर मात्र ते येत नाहींत. कारण विचारावें तर उत्तर मिळतें कीं, हे शब्द पुस्तकांत नाहींत. तपासणारास ते समजणार नाहींत. म्हणजे आपला वाचक एकच, तो म्हणजे लाल शाईचा धनी, अशी त्याची समजूत झालेली असते. घरीं कोणी झाडीबोली बोलतें, कोणी पोवारी, कोणी गोंडी, कोणी हिंदी. या सर्वांस मुलगा आपले वाचक मानीतच नाहीं. यांत त्याच्या गुणांचें नुकसान थोडें होईल, पण मनाचें फार होतें. आपल्या घरच्या गोष्टी सांगण्याजोग्या नाहींत, असें एकदां त्याच्या मनानें घेतलें म्हणजे तो उसन्या गोष्टी सांगूं लागतो. आणि उसन्या गोष्टींस समानधर्मा कोठून मिळणार?

ही समजूत किती चुकीची आहे हें आपल्याच भागांतील माणसांनीं दाखविलें आहे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे. त्यांची मातृभाषा तेलुगु. ते आपल्या जिल्ह्यांतील नवेगांवबांध येथें राहिले, तेथील रानांत हिंडले, आणि रानाची माहिती असलेल्या गांवकऱ्यांपासून पशुपक्ष्यांचीं नांवें व गोष्टी शिकले. ती माहिती त्यांनीं मराठींत मांडली. कावळ्यांच्या एकत्र वस्तीस ‘काकागार’ यासारखे शब्दहि त्यांनीं मराठीस दिले. २००६ सालीं सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें, व २०२५ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षींच, पद्मश्री मिळाली. नवेगांवच्या रानाची गोष्ट पुण्यामुंबईच्या वाचकांस रुचली, ती रानाची होती म्हणूनच. तसेंच साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा अभ्यास करून तिचीं साहित्यसंमेलनें भरविण्याचा प्रघात पाडला. आपली बोली हीच आपल्या वाचकाकडे जाणारी जवळची वाट आहे, हें या दोघांच्या कार्यावरून दिसतें.

कोणी म्हणेल, आतां या सर्व खटाटोपाची गरज काय ? आज बहुतेक घरीं मोबाईल आहे. त्यावर लिहिलेला मजकूर क्षणांत हजारों लोकांपुढें जातो, आणि किती जणांनीं तो पाहिला याचा आंकडाहि तत्काळ समजतो. या साधनाचा आम्ही तिरस्कार करीत नाहीं. आमगांवच्या लेखकास आतां पुण्याच्या प्रकाशकाच्या उत्तराची वर्षभर वाट पाहावी लागत नाहीं, हा मोठाच लाभ आहे. परंतु पुढें जाणें निराळें व पोंचणें निराळें. आंकड्यास मुख नसतें. तो हंसत नाहीं, रडत नाहीं, आणि ‘हें वाक्य मला समजलें नाहीं’ असें सांगत नाहीं. ज्यानें आपला लेख शेवटपर्यंत वाचला व एक शंका विचारली, असा एक वाचक सहज अंगठा उंचावून पुढें गेलेल्या हजारांहून लेखकास अधिक उपयोगी पडतो. कारण त्याच्या शंकेनें पुढचें लेखन सुधारतें.

आतांपर्यंत लेखकाचें कर्तव्य सांगितलें. परंतु भवभूतीच्या उदाहरणावरून दिसून आलेंच आहे कीं, अर्धें काम वाचकांचें असतें. सयाजीराव महाराजांनीं १९१० पासून बडोदें संस्थानांत वाचनालयांची जी व्यवस्था उभारिली, तींत पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या गांवोगांव पाठविण्याची योजना होती. ज्यास शहरास जातां येत नाहीं त्याच्याकडे शहरांतील पुस्तक जावें, हा त्यांतला हेतु. आपल्या काळीं २०१७ सालीं सातारा जिल्ह्यांतील भिलार हें ‘पुस्तकांचें गांव’ झालें, आणि पुढें ही योजना वाढवितांना आपल्या जिल्ह्यांतील नवेगांवबांधची निवड झाली. सरकार कपाटें देईल, पुस्तकें देईल. परंतु कपाटांतलें पुस्तक शेजाऱ्याच्या हातीं देऊन ‘हें वाच, मग आपण बोलूं’ असें म्हणणारा मनुष्य सरकारास देतां येत नाहीं. तो आपणांपैकींच कोणी झाला पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, लिहावयास बसतांना सर्व जगाचा विचार करूं नका. एका माणसाचा करा. आजीस हें सांगावयाचें आहे, असें समजून लिहा. लिहून झालें म्हणजे तें तिला वाचून दाखवा. जेथें तिचें लक्ष ढळलें तेथें खूण करा, आणि तेवढा भाग पुन्हा लिहा. घरचा शब्द नेमका असेल तर तो निर्भयपणें घाला. पुढच्या वाक्यानें त्याचा अर्थ उकलेल अशी मात्र काळजी घ्या. एखादें पुस्तक आवडलें तर तें मिटून ठेवूं नका; वर्गांतील एकास तरी द्या. लेखक हयात असेल तर त्यास एक पत्र लिहा. आपलें लेखन कोणास पोंचलें कीं नाहीं या चिंतेंत असलेल्या मनुष्यास एका विद्यार्थ्याच्या चार ओळींनीं केवढा धीर येतो, याची कल्पना करून पाहा.

पालकांस आमची विनंति याहून लहान आहे. हा अंक घरीं आला म्हणजे मुलाचें नांव व छायाचित्र पाहून तो फळीवर ठेवूं नये. एके संध्याकाळीं दूरदर्शन व मोबाईल बाजूस ठेवून मुलाकडून त्याचा लेख मोठ्यानें वाचवून घ्यावा, आणि शेजारच्या मुलाचाहि घ्यावा. ज्या मातेस वाचतां येत नाहीं तिनें ऐकावें. हडपसरच्या शेतकऱ्यांनीं जोतीरावांचा ग्रंथ असाच ऐकला होता. ऐकून झाल्यावर एक तरी प्रश्न विचारावा : हें तुला कोठें दिसलें ? असें कां लिहिलेंस ? पोरानें उत्तर दिलें म्हणजे लेखक व वाचक यांची भेट झाली असें समजावें. तिला मोठें सभागृह लागत नाहीं.

काळास अंत नाहीं व पृथ्वी मोठी आहे, हा भवभूतीचा विश्वास खराच आहे. परंतु आमगांवच्या मुलानें लिहिलेलें समजून घेणारा पहिला मनुष्य शोधावयास इतक्या दूर जाण्याचें प्रयोजन नाहीं. तो बहुतकरून त्याच्याच घरांत बसलेला असतो. आपणांसहि कोणी वाचक समजतें, एवढें त्यास अद्यापि कोणीं सांगितलेलें नसतें.